बिनआवाजाची बंदूक

प्रिय आक्का,

काल पायाचे टाके निघाले. तुझ्याच ओसरीत, तुझ्याच बाजेवर पाय लांब करून बसलोय आणि मांडीवर पाट घेऊन तुला लिहितोय. गेल्या श्रावणात तू गेलीस तेव्हापासून मी तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा धड बोललो नव्हतो. रागावलो होतो ना! मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण सख्ख्या थोरल्या बहिणीवर रागवायला जिवंत-मेलं असं काही असतं का?

तो राग आता उतरलाय. कसा उतरला तेवढं तुला सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

त्या दिवशी सोमवार होता. तुझं मौन होतं. श्रावणातल्या सोमवारी उठल्यापासून तोंड उघडायचं नाही, संध्याकाळी महादेवाच्या देवळात जाऊन घंटा वाजवायची आणि मगच पहिला शब्द बोलायचा, ही तुझ्या सासरच्या बायकांची रीत. आपल्या चाकूरच्या घरात ती नव्हती. लग्न होऊन किनवटच्या या जंगलाच्या काठाला आलीस आणि पहिल्याच श्रावणात तू ती धरलीस. तुझ्यासारख्या बाईनं! जिची हाक नाल्यापलीकडच्या गुराख्याला ऐकू जायची! मी तेव्हा तुझी चेष्टा केली होती. "आक्का, तू गप बसलीस तर महादेवालाच करमणार न्हाई." तू हातानंच मला मारायची खूण केली होतीस. कुणासाठी धरलं होतंस गं हे मौन? दाजी गेल्यावरही सोडलं नाहीस. कधी सांगितलंही नाहीस.

एरवी तू बांधावर उभी राहून "हाऽऽल्या हो!" अशी आरोळी ठोकायचीस, विळा पत्र्याच्या डब्यावर बडवायचीस, आणि मगच मक्यात पाय टाकायचीस. आत काही बसलेलं असलं तर ते पलीकडून जंगलात निघून जायचं. सोमवारी आरोळी नव्हती. गवताचा भारा आणायला तू गुपचूप आत शिरलीस. आत डुकरीण पिलं घेऊन पडलेली.

डबा तरी वाजवायचा होतास! मौन तोंडाचं असतं, हाताचं नसतं. हे वाक्य मी वर्षभर किती वेळा तुझ्या फोटोला ऐकवलं असेल!

शेजारच्या कापसात गंगाराम आणि त्याची सखूबाई निंदत होते. हाक मारली असतीस तर पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत ते पोचले असते. त्यांना काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी देवळात तुझी घंटा वाजली नाही तेव्हा सखूबाई तुला हुडकत निघाली.

कशी सापडलीस ते तुला कुणी सांगितलं नसेल, आक्का. मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत उसवलेली होती. आतलं पांढरं दिसत होतं. सरीत रक्त साचून काळं पडलेलं, त्याला मुंग्या लागलेल्या. आणि तुझ्या तोंडात पदर होता. दातांत इतका घट्ट धरलेला की सखूबाईला तो सोडवता आला नाही. शेवटी लुगड्याला कात्री लावावी लागली.

त्या पदराचं गावानं काय केलं ठाऊक आहे? "बाईनं जीव दिला पण मौन मोडलं न्हाई!" मातीला आलेला माणूस न् माणूस हात जोडून हेच बोलत होता. तेराव्याला एकानं तर उभं राहून भाषणच केलं. अशा सती-साध्वी बायका आता होणे नाही म्हणाला. मला त्याला धरून पंगतीतून फरफटत न्यावंसं वाटलं. मी पत्रावळीवरचा भात तसाच ठेवून उठलो.

कारण मला त्या पदरात भक्ती दिसत नव्हती. मला हट्ट दिसत होता. तुला पोर होती, भाऊ होता, आणि तू आमच्यापेक्षा एका सोमवारला मोठं केलंस, असं मला वाटत होतं. देवापुढं रोज दिवा लावायचो, पण हात जोडताना मनात येई, तू हिला ओरडू का दिलं नाहीस? पोथीत वाचतो, देवानं वराहाचं रूप घेतलं आणि बुडती पृथ्वी सुळ्यांवर उचलून वर आणली. लहानपणी ते चित्र मला फार आवडायचं. आता त्या पानाशी आलो की दोन पानं एकदम उलटायचो.

तुझी शीतल नांदेडला नर्सिंगच्या होस्टेलला. तुझी शेती कोण बघणार? आपल्या चाकूरच्या जमिनीला तुझी भावजय आणि माझा पोरगा होते, म्हणून मी इथं राहायला आलो. सगळ्यांना वाटलं, भाचीसाठी आला. तसं सांगतही होतो. खरं म्हणजे मी डुकरं मारायला आलो होतो.

एक मारून माझं भागणार नव्हतं. मला ती डुकरीण पाहिजे होती आणि तिची सगळी पिलं पाहिजे होती. आखाजीच्या आधी तुझ्या वाघ्या कुत्र्याला एका डुकरानं बांधावर फाडलं. आतडी मातीत लोळत असताना तो शेपूट हलवत माझ्याकडं सरपटत आला, आणि माझ्या पायाशी मेला. त्या दिवशी मी कुऱ्हाड घेऊन सगळा उन्हाळी मका तुडवला. हाती काही लागलं नाही. एका वारुळावर कुऱ्हाड घालत बसलो, दांडा मोडेपर्यंत.

इथली काही माणसं तारेत वीज सोडतात. एकानं पिठाच्या गोळ्यात दारू भरून ठेवायचं सुचवलं. डुकरानं चावलं की जबडा उडतो म्हणे. मन झालं होतं. पण तो गोळा एखाद्या गाईनं खाल्ला तर? पाऊल चुकून तारेवर एखाद्या बाईचंच पडलं तर? मी म्हटलं, मारायचं ते सरकारला सांगून, उजळ माथ्यानं मारायचं. बंदुकीचा परवाना काढायचा.

गंगारामला ऐकून हसूच फुटलं. "पाव्हणं, गळ्यात माळ अन् खांद्यावर नळी? विठ्ठलाला काय सांगताल?"

"सांगंन, बहिणीचं काम हाय म्हून."

"मग विठ्ठल बी म्हणंल, दुनळीच घे!"

आक्का, परवाना काढणं म्हणजे पोरीचं लग्न जमवण्यासारखं आहे. प्रत्येक घरी जाऊन आपण बरे आहोत हे पटवून द्यावं लागतं. अर्जात पहिल्यांदा विचारतात, बंदूक कशासाठी? आत्मसंरक्षण की पीकसंरक्षण? माझ्या कारणाला तिथं रकाना नव्हता. पीकसंरक्षण लिहिलं.

पीकसंरक्षण म्हटलं की जमीन दाखवावी लागते. जमीन तुझी, म्हणजे आता शीतलची. तिचं संमतीपत्र पाहिजे होतं. मला वाटलं पोरगी सही करून मोकळी होईल. होस्टेलच्या फाटकाशी उभी राहून तिनं कागद पूर्ण वाचला. दोनदा वाचला. तुझ्यासारखीच एक भुवई वर!

"मामा, बंदूक आणून तुम्ही कोणाला मारणार?"

"डुकराला."

"कोणत्या?"

"त्याच."

"ती ओळखू येईल तुम्हाला?"

"दिसली की ओळखंन."

"कशावरून? तिच्या कपाळावर लिवलंय का काही?" मग आवाज खाली करून म्हणाली, "मामा, आईची मांडीतली मोठी शीर तुटली होती. त्यात वेळ मिळत नसतो. ओरडायचा पण न्हाई. आम्हाला शिकवतात ते."

"पदर धरायला मिळाला ना वेळ?" मी फाडकन बोललो. पोरीचे डोळे भरले. रस्त्यावरची माणसं बघू लागली. पण रडली नाही ती. कागद फाटकाच्या खांबावर धरून सही केली आणि माझ्या हातात द्यायच्या आधी मागं ओढला.

"एक अट हाय. एकटं जायचं नाही. जाताना गंगाकाकाला सांगायचं. बार ऐकला की काकांनी यायचं, जिथं असतील तिथून. बोला हो."

मी हो म्हणालो.

मग पोलिसांची चौकशी. जमादार मोटारसायकलवर गावात आले, पारावर बसले, गंगारामला साक्षीला बोलावलं. "या पाव्हण्यांचं गावात कुणाशी वैर?"

"हाय ना साहेब."

जमादारांनी पेन उघडलं. "कुणाशी?"

"डुकराशी. पण त्याचा जबाब तुम्ही कसा घेताल?"

जमादार हसले. "दारू?"

"थेंब न्हाई."

"तापट आहेत का?"

गंगारामनं माझ्याकडं पाहिलं. वारुळाची कुऱ्हाड त्यानंच दुरुस्त करून दिली होती. "बोलतच न्हाईत फारसं, साहेब. तापट हायेत का थंड, कळावं कसं?"

दवाखान्याचा दाखला लागतो, डोक्यानं बरा असल्याचा. डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का? कुणाला मारावंसं वाटतं का? मी म्हणालो, "माणसाला न्हाई." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली. मग बंदूक चालवायचं शिक्षण. पहिल्या बाराला दस्ता खांद्यात असा बसला की दोन दिवस घास उजव्या हातानं उचलेना. पण आक्का, लाकडी फळीवरचा तो काळा ठिपका फुटला तेव्हा मला जे वाटलं, ते पूजा झाल्यावर वाटतं तसं होतं. लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

तिथंच शिकायला आलेल्या एका बँकेच्या वॉचमननं मला मोबाईलवर एक फिल्म दाखवली. अमेरिकेतला माणूस बंदुकीच्या तोंडाला डब्यासारखी नळी लावतो, घोडा ओढतो, आणि नुसतं 'फट्' वाजतं. तिथं म्हणे रीतसर अर्ज करून, फोटो आणि बोटांचे ठसे देऊन सायलेन्सर विकत मिळतो. मी ती फिल्म परत परत बघितली. कारण माझी अडचण नेमकी तीच होती. एक बार झाला की कळप उधळतो. एकच डुक्कर हाती लागतं. आवाजच झाला नाही तर? डुकरीण पडेल, पिलं तिच्याभोवती घुटमळतील, आणि मी शांतपणे एकेक…

शीतलला दिलेला शब्द आठवला. बार ऐकला की गंगाराम येणार. आवाजच नाही तर तो येणारही नाही. बरंच झालं, वाटलं मला. त्यानं ते बघायला नको.

अर्जाच्या खिडकीवर ताई बसतात, त्यांना विचारलं. "ताई, सायलेन्सरचा अर्ज कोणता?"

त्यांनी हातातलं काम थांबवलं. "काका, त्याचा अर्ज नसतो. आपल्याकडं सरळ बंदी. ती वस्तू नुसती जवळ सापडली तरी गुन्हा. तुमची फाईल नीट चाललीय ना? मग हा शब्द पुन्हा काढू नका."

तरी काढला! परवाना हातात आल्यावर नांदेडच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. पांढऱ्या दाढीचे चाचा गल्ल्यावर होते. एकनळी बघितली, पसंत पडली. मग इकडंतिकडं बघून हळूच विचारलं.

"सायलेन्सर?" चाचा मोठ्यानं म्हणाले. "फटफटीचा पाहिजे तर बाजूच्या गल्लीत जा मामू, फिटिंगसकट देतात!" दुकानातली पोरं हसली. माझं तोंड उतरलेलं बघून त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "बसा. राखण करायची का शिकार?"

"राखण."

"मग आवाजाला कामून भेता? छर्रा एकाला लागतो, आवाज सगळ्या शिवाराला लागतो. राखणदाराची आर्धी बंदूक म्हंजे आवाजच. ज्याला आवाज नको असतो ना मामू, त्याला राखायचं नसतं." आणि बंदूक कापडानं पुसता पुसता, वर न बघता विचारलं, "कोण गेलं घरातलं?"

मी बिल घेतलं, बंदुकीचा नंबर परवान्यावर चढवून घेतला, आणि एसटीत बसल्यावर चाचांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

बंदूक कुलपात ठेवावी लागते. तुझ्या लोखंडी पेटीत ठेवली, लुगड्यांखाली. आत ठेवायच्या आधी सखूबाईनं तुझा विळा आणून शेजारी ठेवला, दसऱ्याला करतात तसं दोन्हीला हळदीकुंकू लावलं. मी गळ्यातली माळ काढून देवापुढं ठेवली. माळ घालून हे काम करायचं नव्हतं मला.

एवढ्यावर संपलं असं वाटलं तर वनरक्षक म्हणाला, "मामा, हा परवाना बंदुकीचा हाय, डुकराचा न्हाई." मग वनखात्याकडं अर्ज, नासाडीची पाहणी, त्यांची वेगळी परवानगी. ती हातात देताना तो वनरक्षक पोरगा म्हणाला, "पिलावाली असली तर सोडा, मामा." मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच माहीत.

एव्हाना पुन्हा श्रावण आला. मका पुन्हा डोक्याच्या वर गेला. तुझं वर्षश्राद्ध झालं, शीतल येऊन गेली. सोमवार मी मुद्दाम टाळला. बुधवारी दुपार कलल्यावर पेटी उघडली, गंगारामला सांगितलं आणि वारं तोंडावर घेऊन मक्याच्या कडेनं निघालो. आरोळी दिली नाही. डबा घेतला नाही. तू गेलीस तसाच गेलो, गुपचूप.

मक्याची ताटं मोडल्याचा आवाज आला. दोन सऱ्या पलीकडं काळी पाठ दिसली. आक्का, ती डुकरीण नव्हती. मोठा एकटा नर होता, मानेवर केस उभे, तोंडातून कणसाचं दूध गळतंय. मला ते दिसलं, आणि दिसूनही बोट थांबलं नाही.

बार झाला. सगळं शिवार हादरलं. डुक्कर गुडघ्यावर आलं, किंचाळलं, उठलं आणि मक्यात घुसलं. जखमी जनावराच्या मागं जाऊ नये, शिकवलं होतं. मी गेलो. जाता जाता दुसरं काडतूस घालायला नळी वाकवून उघडली. काडतूस बोटांतून निसटून सरीत पडलं. ते उचलायला वाकलो आणि समोरचा मका दुभंगला.

आधी दुखलं नाही. कुणी तरी पाय बाजूला केल्यासारखं वाटलं फक्त. मग आभाळ दिसलं. मग ते पुन्हा अंगावर आलं. मी बंदूक आडवी धरली, त्याचा सुळा दस्त्यात अडकला, लाकूड कडाडलं. त्याचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं. अर्धा जबडा माझ्या छर्ऱ्यांनी उडालेला, गरम रक्त माझ्या डोळ्यांत उडत होतं. त्याच्या डोळ्यात राग नव्हता गं. मी वर्षभर ज्या रागाची वाट बघत होतो तो तिथं नव्हताच. नुसती भीती होती. मग ते बाजूला कलंडलं, आणि नांगर चालावा तसं थोबाडानं माती उकरत, उकरत, थांबलं.

पोटरीतून रक्त चिळकांड्यांनी जात होतं. गंगाराम हाकेच्या अंतरावर होता. हाक मारायची होती मला, आक्का. खरंच मारायची होती!

आलीच नाही.

मला आठवतात ती माणसं. धावत आलेली. गंगाराम स्वतःचं धोतर फाडून पायाला आवळतोय आणि ओरडतोय, "बार झाला अन् म्होरं आरोळीच न्हाई! म्या म्हणलं, पाव्हणा गेला! ओ पाव्हणं, तोंड उघडा! दस्ती सोडा!"

कसली दस्ती? मला कळेना. सखूबाई माझ्या डोक्याशी बसली होती. घाम पुसायची माझ्या खांद्यावरची दस्ती माझ्या तोंडात होती. दातांत, घट्ट. कधी गेली, कुणी घातली? कुणीच नाही. मीच धरली होती. सखूबाई ती ओढत होती आणि ती सुटत नव्हती. मग तिचे हात थांबले. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग तिथंच सरीत मागं टेकून बसली.

"बाईचं बी असंच व्हतं," ती गंगारामला म्हणाली. "धनी, बाईचं बी असंच व्हतं की वो."

माझं तर मौन नव्हतं, आक्का! बुधवार होता. मला ना व्रत होतं, ना हट्ट, ना कुठला देव आडवा आला. कळ आली, दातांना जे सापडलं ते धरलं, आणि घशातून काही निघालं नाही. एवढंच. तुझंही एवढंच झालं असेल ना? तू सोमवार निवडला नव्हतास. आम्हाला टाकून तू कुठल्याही व्रताला धरून बसली नव्हतीस. तुझ्या पदराला गावानं भक्ती म्हटलं आणि मी हट्ट म्हटलं, आणि तू बिचारी नुसती दुखण्यानं दात आवळून पडली होतीस. एकटी.

रुग्णवाहिकेत पडल्या पडल्या मी रडत होतो. गंगारामला वाटलं पाय दुखतोय. "वाईच दम धरा, पाव्हणं, किनवट आलंच." त्याला काय सांगणार? आणि तेव्हाच चाचांचा शब्द आठवला. त्या नळीला ती डबी लावलेली असती तर? 'फट्' वाजलं असतं, गंगाराम कापसात वाकलेला राहिला असता, आणि त्याच मक्यात, बहुतेक तुझ्याच सरीत, संध्याकाळपर्यंत मला मुंग्या लागल्या असत्या. मला ती मिळावी म्हणून मी नवस बोलायचा बाकी होतो! नाही म्हणणाऱ्या त्या खिडकीवरच्या ताईंना एकदा भेटून यायचंय. काय सांगू त्यांना, ते अजून सुचलेलं नाही.

डुकराचा पंचनामा झाला. नियमानं खड्डा करून पुरलं. गंगाराम काठावर उभा राहून हळहळत होता म्हणे, "एवढं मटण मातीत!" वनरक्षक म्हणाला, "गंगाकाका, ऐकू आलं मला."

शीतल धावत आली तेव्हा मी तिला म्हणालो, "तू म्हणली तेच खरं व्हतं." तिनं माझ्या पायाची पट्टी बघितली, "कोणी बांधली ही? सैल हाय," म्हणत सोडून पुन्हा बांधली. मग पाय मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. आता तुझ्याविषयी आम्ही बोलतो. आधी जमत नव्हतं.

दस्ता मोडलेली बंदूक पेटीत पडून आहे. दुरुस्त करीन. आवाजाला ती लागेल. माळ मात्र अजून देवापुढंच आहे. घालू का गं? ज्याचा काही संबंध नव्हता त्याला मी मारलं. तू असतीस तर चापट मारून तूच घातली असतीस, की अजून थांब म्हणाली असतीस? वराहाचं ते पान काल उघडलं. पूर्ण वाचलं नाही. पण उलटलंही नाही.

आता शब्द देतो, आणि थांबतो. श्रावणातला एक सोमवार अजून बाकी आहे. त्याच्या आत तुझ्या बांधावरच्या कडुनिंबाला मी गंगारामकडून पितळी घंटा टांगून घेणार आहे. मौन असलेल्या बाईनं शेतात शिरताना आधी ती वाजवायची. बायकांनी लगेच वाद घातला. घंटा वाजली की मौन सुटतं, मग ती सकाळीच कशी वाजवायची? गुरवाला विचारलं. तो डोकं खाजवून म्हणाला, "देवळातली घंटा देवाची. शेतातली डुकराची. हिनं मौन सुटत न्हाई, जा!" सखूबाईला पटलंय. तिच्याही बांधाला बांधू. मग गंगारामच्या भावाच्या, मग नाल्यापर्यंत जेवढे बांध आहेत तेवढ्यांना. त्या मात्र पायाला जोर आला की मी स्वतः झाडावर चढून बांधीन. आणि पहिली मी वाजवीन, तुझ्या नावानं, तुझी ती आरोळी ठोकून. तुझ्याइतकी लांब जाणार नाही. पण जाईल तिथवर जाईल.

तुझा,
दत्तू